वीज कुणावर पडते? : रोमन कवितेतील उंचीविषयी

'सुवर्णमध्य' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो आला कुठून, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. भावाभावांतली वाटणी असो की पक्षापक्षांतले जागावाटप, शेवटी कुणीतरी सुवर्णमध्य काढतोच. हा शब्द इंग्रजीतल्या 'गोल्डन मीन'वरून आलेला दिसतो, आणि त्या इंग्रजी शब्दजोडीच्या मागे होरेस या रोमन कवीची एक चोवीस ओळींची कविता उभी आहे. इ.स.पू. २३ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'ओड्स'मधली, दुसऱ्या भागातली दहावी. ती लिसिनियस नावाच्या माणसाला उद्देशून आहे. बहुतेक अभ्यासक त्याला लिसिनियस मुरेना मानतात. सर्वांना ते मान्य नाही, पण मला पटते. हा मुरेना कविता प्रसिद्ध झाल्यावर वर्षभराच्या आतबाहेर राजद्रोहाच्या आरोपाखाली मारला गेला.

मी ही कविता प्रथम वाचली तेव्हा यातले काहीच मला ठाऊक नव्हते. सुभाषितांच्या पुस्तकात शोभेल असा शहाणपणाचा उपदेश, एवढेच मत झाले होते आणि खरे सांगायचे तर थोडा कंटाळाही आला होता. एक पाइनचा वृक्ष, एक मनोरा, एक पर्वतशिखर. तिघांचा दोष एकच, उंची. आणि तिघांना शिक्षा देणारे अनुक्रमे वारा, स्वतःचेच वजन आणि वीज. अशी कविता कुणी राजदरबारातला सुखवस्तू कवीच लिहू शकतो, असे मी तेव्हा वहीत लिहून ठेवले आहे. ते वाक्य आज मागे घ्यावेसे वाटते, पण पूर्ण नाही.

ही प्रतिमा होरेसने शोधलेली नाही. त्याच्या चारशे वर्षे आधी हिरोडोटसच्या इतिहासात इराणचा सम्राट झर्क्सीस ग्रीसवर स्वारीची तयारी करतो, तेव्हा त्याचा चुलता आर्ताबानस त्याला हेच समजावतो : देवाची वीज उंच घरांवर आणि उंच झाडांवर पडते, लहानसहान जीवांकडे तिचे लक्षही नसते. मराठी वाचकाला इथे तुकोबांचा लहानपण मागणारा अभंग आठवेल. त्यातली पुराची आणि लव्हाळ्याची प्रतिमाही जुनी आहे. महाभारताच्या शांतिपर्वात सागर नद्यांना विचारतो, की तुम्ही मोठमोठे वृक्ष मुळासकट उपटून माझ्याकडे आणता, पण वेत कधी का आणत नाही? मात्र तुकोबांनी लहानपण मागितले ते देवाकडे, आणि शांतिपर्वातली कथा सांगितली आहे ती बलिष्ठ शत्रूपुढे दुबळ्या राजाने कसे वागावे याचे उत्तर म्हणून. दिसायला एकच प्रतिमा, पण ती कोण कुणाला सांगतो आहे यावर तिचा अर्थ फिरतो. रोममध्ये तर हा अर्थ शंभर वर्षांत चार वेळा फिरला, आणि दर वेळी त्यात कुणाचा ना कुणाचा जीव अडकलेला होता.

*

आधी एका शब्दाविषयी. चाळिशी उलटल्यावर मी लॅटिन शिकायला घेतले, तेही लोएब मालिकेतल्या लाल पुठ्ठ्याच्या पुस्तकांवरून. डाव्या पानावर मूळ, उजव्या पानावर इंग्रजी, आणि मध्ये माझे बोट. सुरुवातीच्या काळात एका शब्दाने मला फार छळले : 'आल्तुस'. एका पानावर त्याचा अर्थ उंच, दुसऱ्या पानावर खोल. मला वाटले, भाषांतरकार चुकला. कोश उघडल्यावर कळले की चूक माझी आहे. 'आल्तुस' हे 'आलेरे', म्हणजे पोसणे, वाढवणे, या क्रियापदाचे रूप आहे. जे वाढले आहे ते आल्तुस. ते वर वाढले की खाली, हे बघणाऱ्याने ठरवायचे. डोंगरही आल्तुस, समुद्रही आल्तुस. इंग्रजीतला 'अल्टिट्यूड' याच कुळातला, त्याच्यात फक्त वरची दिशा उरली.

मराठीत उंच आणि खोल ही दोन टोके आहेत. लॅटिन कवीला ती एकाच शब्दात मिळत होती आणि त्याने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. होरेसच्या त्या कवितेची सुरुवात मुळात डोंगरावर होतच नाही, ती समुद्रात होते. नाव सतत खोल पाण्यात रेटू नकोस आणि वादळाच्या भीतीने किनाऱ्यालाही फार चिकटू नकोस, हा पहिला सल्ला. त्या खोल पाण्यासाठी होरेस जो शब्द वापरतो तो हाच. म्हणजे रोमन वाचक 'उंची' ऐकत ऐकतच समुद्रात शिरतो आणि दोन कडव्यांनंतर पाइनच्या झाडाखाली येतो. हे झाडही उगीच आलेले नाही. रोमन कवितेत 'पाइन' म्हणजे पुष्कळदा जहाजच, कारण जहाजे त्याच लाकडाची होत. कातुल्लसच्या सर्वांत मोठ्या कवितेचा आरंभ पेलिऑन पर्वताच्या माथ्यावरचे पाइन समुद्रात पोहत गेले, या कल्पनेने होतो. ते आर्गो जहाजाचे वर्णन आहे. डोंगरावर वाऱ्याने हलणारे झाड आणि समुद्रात वाऱ्याने हलणारे जहाज ही एकाच लाकडाची दोन आयुष्ये. माथ्यावर असताना वाचले तरी पुढे खोल पाणी आहेच.

मनोऱ्याविषयी जाता जाता एवढेच, की रोमच्या माणसाला ती कविकल्पना वाटत नसे. शहरातल्या भाड्याच्या बहुमजली इमारती वारंवार कोसळत आणि जळत. स्ट्रेबो सांगतो की ऑगस्टसने रस्त्यालगतच्या नव्या इमारतींना ७० फुटांची मर्यादा घातली होती.

*

विजेकडे वळू. रोमन धर्मात वीज ही ज्युपिटरची भाषा होती. ती जिथे पडे ती जागा कुंपण घालून पवित्र केली जाई, मेंढीचा बळी दिला जाई, आणि विजेला जणू प्रेत समजून तिथे 'पुरले' जाई. 'इथे वीज पुरली आहे' अशा अर्थाचे शिलालेख आजही सापडतात. इ.स.पू. ६५ मध्ये कॅपिटॉलच्या टेकडीवर वीज पडून देवांच्या मूर्ती उलथल्या आणि कायद्याचे कांस्यपट वितळले, असे सिसेरो सांगतो. होरेसचा जन्म त्याच वर्षीचा.

या भाषेवर पहिला घाव घातला ल्युक्रेशियसने. एपिक्युरसच्या अणुवादावर त्याने जे दीर्घकाव्य रचले, त्याच्या सहाव्या सर्गात तो आस्तिकाला फैलावर घेतो. वीज जर ज्युपिटर फेकत असेल तर ती ओसाड रानात आणि समुद्रात वाया का घालवतो? नेम चुकतो, की हाताचा व्यायाम चालला आहे? आकाश निरभ्र असताना तो कधीच का गरजत नाही? पर्वतांच्या माथ्यांवरच इतक्या खुणा का? आणि सर्वांत बोचरा प्रश्न : तो देवांची, अगदी स्वतःचीसुद्धा, देवळे का फोडतो? ल्युक्रेशियसचे उत्तर साधे आहे. वीज म्हणजे ढग, वारा आणि अग्नीचे कण. तिला कुणी फेकत नाही, म्हणून तिच्यात न्यायही नाही.

पण हाच ल्युक्रेशियस आधीच्या, पाचव्या सर्गात मानवी समाजाचा इतिहास सांगताना सत्तेच्या चढाओढीकडे येतो, आणि तिथे त्याला विजेशिवाय दुसरी उपमा सुचत नाही. माणसे सुरक्षित व्हावे म्हणून वर चढतात आणि वर गेल्यावर मत्सर विजेसारखा त्यांना भाजून खाली फेकतो. म्हणजे आकाशातून देवाला हाकलल्यावर रिकामी झालेली ती जागा ल्युक्रेशियसने माणसाच्या मत्सराला दिली. त्याच्या हयातीत सल्लाच्या याद्यांनी रोमची उंच घराणी कापून काढली होती. त्याला उपमा दूर शोधावी लागली नसावी.

होरेस तरुणपणी याच पंथाचा. त्याच्या 'ओड्स'च्या पहिल्या भागात चौतिसावी एक चमत्कारिक कविता आहे. तो म्हणतो की मी देवाधर्माकडे फारसा न वळणारा, एका वेड्या शहाणपणात तरबेज झालेला माणूस; पण आता मला शिडे फिरवून जुन्या मार्गाने परतणे भाग आहे, कारण ज्युपिटरचा रथ निरभ्र आकाशातून गडगडत गेला. ल्युक्रेशियसने अशक्य म्हणून जे विचारले, नेमके तेच घडल्याचे होरेस सांगतो. यात श्रद्धा किती आणि थट्टा किती यावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला कवितेचा शेवट महत्त्वाचा वाटतो. तिथे देव मागे राहतो आणि दैव पुढे येते : एकाच्या डोक्यावरचा मुकुट ओरबाडून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणारे. होरेसने हे स्वतः पाहिले होते. मुक्त झालेल्या गुलामाचा हा मुलगा तेविसाव्या वर्षी ब्रूटसच्या सैन्यात अधिकारी होता, इ.स.पू. ४२ मध्ये फिलिपीच्या रणांगणावरून पळाला आणि वडिलांची जमीन गमावून रोमला परतला. पुढे मायसेनसचा आश्रय मिळाला. आपण वाचलो ते योग्यतेमुळे नव्हे, हे त्याला पक्के ठाऊक होते. माझ्या वहीतले 'सुखवस्तू' हे विशेषण मी खोडले ते इथे.

*

आता मुरेनाकडे परत. मायसेनस हा ऑगस्टसचा विश्वासू सल्लागार आणि होरेसचा आश्रयदाता. त्याची बायको तेरेन्शिया ही मुरेनाची बहीण. म्हणजे ती कविता आश्रयदात्याच्या मेहुण्याला लिहिलेली, घरातलीच.

डिओ कॅसियसने नोंदवलेला प्रसंग असा. मॅसिडोनियाचा सुभेदार मार्कस प्रिमस याच्यावर परवानगीवाचून युद्ध केल्याचा खटला चालू होता. आपण ऑगस्टसच्या संमतीने वागलो, असे तो एकदा म्हणाला. ऑगस्टस कुणी न बोलावता न्यायालयात आला आणि त्याने ते नाकारले. मुरेना प्रिमसचा वकील. त्याने सम्राटाला तोंडावर विचारले की तुम्ही इथे काय करता, तुम्हाला बोलावले कुणी? लोकहिताने, असे उत्तर मिळाले. पुढे फॅनियस सीपिओचा कट उघडकीला आला, त्यात मुरेनाचे नाव गोवले गेले, त्याच्या गैरहजेरीत निकाल लागला आणि त्याला ठार मारण्यात आले. डिओलाही हा आरोप खरा की खोटा याची खात्री नाही. तो एवढेच सांगतो की मुरेनाची जीभ कुणाच्याही बाबतीत आवरत नसे. स्युटोनियसच्या मते कट फुटल्याची गुप्त बातमी मायसेनसने बायकोला सांगितली होती आणि त्यामुळे ऑगस्टस त्याच्यावर नाराज झाला.

डिओ हे सारे इ.स.पू. २२ खाली देतो. त्याच वर्षी ऑगस्टसने कॅपिटॉलवर 'गरजणाऱ्या ज्युपिटर'चे देऊळ अर्पण केले. कारण असे की स्पेनच्या मोहिमेत एका रात्री त्याच्या पालखीला चाटून वीज गेली आणि पुढे मशाल धरून चालणारा गुलाम जागीच मेला. स्युटोनियस पुढे सांगतो की सम्राटाला विजेची विलक्षण धास्ती होती. तो सीलचे कातडे जवळ बाळगी आणि वादळाची चाहूल लागताच तळघरात जाऊन बसे. सीलवर वीज पडत नाही, अशी समजूत होती. त्या गुलामाचे नाव कुणी लिहून ठेवलेले नाही. वीज पडली ती पालखीतल्या उंच माणसावर नव्हे, पुढे चालणाऱ्यावर. होरेसच्या नियमात हे बसत नाही.

आणि माझे वाक्य मी पूर्णपणे मागे का घेत नाही, त्याचे कारण इथे आहे. वीज शिखरावर पडते असे म्हटले की मरणाऱ्याच्या उंचीकडे बोट जाते. तो वर का चढला, असे आपण विचारतो. मारणारा मात्र निसर्ग होऊन बसतो, आणि निसर्गाला कुणी जाब विचारत नाही. मुरेनाने नेमका तोच विचारला होता. होरेसची कविता मित्राच्या काळजीने लिहिलेली आहे याविषयी मला शंका नाही, पण तिच्यातल्या विजेला हात नाही आणि ऑगस्टसच्या रोममध्ये तो नसणे सोयीचे होते.

*

व्हर्जिल या बाबतीत वेगळा. त्याला उंचीपेक्षा ती ज्यावर उभी असते ते मूळ दिसते. 'इनिड'च्या चौथ्या सर्गात डायडोची बहीण इनियसला थांबवण्यासाठी पुन्हा पुन्हा येते, रडते. तेव्हा व्हर्जिल आल्प्समधल्या जुन्या ओकची उपमा देतो. चहूबाजूंनी वारे त्याला उपटायला बघतात, फांद्या करकरतात, जमिनीवर पानांचा खच पडतो, पण झाड हलत नाही, कारण त्याचा शेंडा जेवढा आकाशात तेवढीच मुळे पाताळात गेलेली आहेत. 'आल्तुस'च्या दोन्ही दिशा एका झाडात सामावणारी ही प्रतिमा व्हर्जिलने आधी 'जॉर्जिक्स' या शेतीकाव्यात जवळपास तशीच वापरली होती, तिथे ती खरोखर वृक्षलागवडीविषयी आहे. शेतकरी कुटुंबातून आलेल्या माणसाला वादळ खालून दिसते. 'जॉर्जिक्स'मध्ये ज्युपिटर अथोस, ऱ्होडोपे अशा पर्वतांवर वीज फेकतो खरा, पण त्याआधी पाऊस हसऱ्या पिकांची आणि बैलांच्या कष्टांची धूळधाण करून गेलेला असतो. शिखराचे काही बिघडत नाही.

*

विजेला हात फुटले ते ओव्हिडच्या कवितेत. इ.स. ८ मध्ये ऑगस्टसने त्याला काळ्या समुद्राच्या काठी, तोमिसला (आजच्या रुमानियातले कॉन्स्टँत्सा) हद्दपार केले. कारणे त्याच्याच शब्दांत दोन, एक कविता आणि एक चूक. चूक कोणती ते त्याने कधीच सांगितले नाही. तिथून पाठवलेल्या 'त्रिस्तिया'त ऑगस्टसचा कोप सरळसरळ ज्युपिटरची वीज आहे. आपले पुस्तक रोमला निघाले असताना तो त्याला बजावतो की पॅलेटाइनच्या टेकडीवर चढू नकोस, माझ्या डोक्यावर वीज पडली ती त्याच गडावरून. पॅलेटाइन म्हणजे जिथे ऑगस्टस राहत होता ती टेकडी. तिच्याच नावावरून युरोपी भाषांत 'पॅलेस' आला. हद्दपारीपूर्वीच्या 'मेटामॉर्फोसिस'मध्ये ओव्हिडने स्वर्गातल्या देवांच्या वस्तीला आकाशातले पॅलेटाइन म्हणण्याचा धिटाईचा खेळ केला होता. हद्दपारीनंतर त्याच खेळाचे पान उलटे पडले.

वरवर ही खुशामत आहे : तुम्ही देव, तुमचा कोप म्हणजे वीज. पण होरेसच्या कवितेत जे झाकलेले होते ते यात उघडे पडते. आता वीज कुठून येते ते ठिकाण सांगता येते, टेकडीचे नाव सांगता येते. त्याच पुस्तकात तो एका मित्राला मोठ्या नावांपासून दूर राहण्याचा सल्ला देतो. होरेसचाच उपदेश, पण तो भाजलेल्या माणसाने दिलेला. 'मेटामॉर्फोसिस'च्या अगदी शेवटी ओव्हिड म्हणतो की हे काव्य ज्युपिटरच्या कोपालाही नष्ट करता येणार नाही. हे शब्द हद्दपारीच्या आधीचे की नंतरचे यावर वाद आहे. मी ते नंतरचे मानतो, पुरावा नसताना.

*

या मालिकेतला शेवटचा माझ्या लेखी सर्वांत मोठा. ल्युकन, सेनेकाचा पुतण्या, इ.स. ३९ मध्ये स्पेनमधल्या कॉर्डोबात जन्मलेला, आधी नीरोचा मित्र, मग त्याच्या मत्सराचा धनी. पॉम्पी आणि सीझर यांच्या यादवी युद्धावर त्याने दहा सर्गांचे महाकाव्य लिहिले आणि त्यातून देवांना वगळले. रोमन महाकाव्यात हे म्हणजे लग्नातून भटजी वगळण्यासारखे. पहिल्याच सर्गात तो दोन्ही नायकांना एकेक उपमा देतो. पॉम्पी म्हणजे शेतात उभा असलेला जुना ओक. अंगावर पूर्वीच्या विजयांची स्मृतिचिन्हे टांगलेली, मुळांची पकड सुटलेली, केवळ स्वतःच्या वजनावर उभा. पाने नाहीत, सावली पडते ती नुसत्या खोडाची. भोवती धडधाकट झाडे असूनही लोक पूजा करतात ती याचीच. व्हर्जिलच्या ओकची सारी मुळे ल्युकनने कापून टाकली आहेत.

आणि सीझर म्हणजे वीज. आता वीज शिखर शोधत नाही, कुणाला शिक्षा करत नाही, कुणाच्या कोपाचे साधन नाही. एक माणूसच वीज झाला आहे. तिच्याविषयी ल्युकन जे तपशील देतो त्यात एक आहे : ती स्वतःच्याच देवळांवर तुटून पडते. इथे मी पुस्तक खाली ठेवले आणि ल्युक्रेशियस पुन्हा उघडला. ज्युपिटर स्वतःची देवळे का फोडतो, हा त्याचा सव्वाशे वर्षांपूर्वीचा टवाळ प्रश्न. ल्युकनने त्याचे उत्तर रोमच्या इतिहासातून दिले. आपलीच सेना घेऊन आपल्याच शहरावर चालून येणारा सेनापती. आकाशातल्या विजेत जे अतर्क्य म्हणून हास्यास्पद होते, ते सत्तेच्या बाबतीत अगदी तर्काला धरून आहे.

सेनेकानेही शोकनाटकांच्या कोरसांतून शिखरांवर पडणाऱ्या विजा पुष्कळ लिहिल्या, आणि निसर्गविषयक ग्रंथाचा अख्खा एक भाग विजेच्या शास्त्राला दिला. तो स्वतः त्या वेळी रोममधल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक होता, म्हणून त्याची ही कोरसे वाचताना मला होरेसइतका विश्वास बसत नाही. पण किंमत त्यानेही मोजली. इ.स. ६५ मध्ये पीसोचा नीरोविरुद्धचा कट फुटला. सेनेकाला आत्महत्येचा हुकूम आला. ल्युकन तर कटात खरोखरच होता. तो पंचवीस वर्षांचा होता. त्याने शिरा कापून घेतल्या. टॅसिटस लिहितो की हातपाय गार पडू लागले, पण मन अजून शाबूत होते, तेव्हा ल्युकनला आपल्याच काव्यातला असाच रक्त वाहून मरणारा एक जखमी सैनिक आठवला, आणि त्याने त्या ओळी म्हटल्या.